बहिणीचा तिसरा हिस्सा : विन्थ्रॉप विरुद्ध लेचमीअर (१७२८)

मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश वेट स्टिल विन्थ्रॉप ७ नोव्हेंबर १७१७ रोजी बॉस्टन येथे वारले. आयुष्याची शेवटची जवळजवळ दहा वर्षे ते या पदावर होते, आणि तरीही त्यांनी स्वतःचे मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यांच्यामागे दोन अपत्ये होती : मुलगा जॉन आणि विवाहित मुलगी ॲन. मिळकतीचा मोठा भाग शेजारच्या कनेटिकट वसाहतीतील जमिनींचा होता. या जमिनींपैकी एक तृतीयांश हिस्सा बहिणीला मिळावा की सगळी जमीन भावाकडे राहावी, एवढ्याच प्रश्नावरून सुरू झालेला वाद दहा वर्षांनी लंडनला राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींची शेवटची अपिले ऐकणाऱ्या सल्लागार मंडळापुढे, गेला आणि १५ फेब्रुवारी १७२८ च्या हुकमाने एका संपूर्ण वसाहतीचा वारसा कायदा रद्दबातल ठरला.

अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासात या खटल्याची दखल घेतली जाते ती एका न्यायपीठाने विधिमंडळाचा कायदा मूळ सनदेशी विसंगत म्हणून शून्य ठरवल्याचे आरंभीचे उदाहरण म्हणून. ते चुकीचे नाही. परंतु खटल्याचे कागद ज्या क्रमाने तयार होत गेले तो क्रम पाहिला, तर सनदेचा प्रश्न त्यात बराच उशिरा येतो. आधी येते ती मृताच्या मिळकतीची यादी, आणि त्या यादीत जमीन लिहायची की नाही हा वरवर कारकुनी वाटणारा प्रश्न. सगळे प्रकरण या यादीपासून वाचावे, असे मला वाटते.

कुटुंब

विन्थ्रॉप हे न्यू इंग्लंडमधील, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील इंग्रज वसाहतींमधील, पहिल्या दर्जाचे घराणे. जॉनचे पणजोबा मॅसॅच्युसेट्सचे आद्य गव्हर्नर; आजोबा धाकटे जॉन विन्थ्रॉप हे कनेटिकटचे गव्हर्नर, आणि १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाकडून कनेटिकटची सनद मिळवून आणणारे तेच; चुलते फिट्झ-जॉन १६९८ पासून १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच वसाहतीचे गव्हर्नर. न्यू लंडन, ग्रोटन आणि आतल्या भागातील प्लेनफिल्डच्या परिसरात कुटुंबाच्या विस्तीर्ण जमिनी होत्या. त्यातली बरीचशी जमीन अजून जंगलाखाली होती. समुद्रातील फिशर्स बेटही याच कुटुंबाचे, मात्र ते न्यूयॉर्कच्या हद्दीत मोडत असल्याने कनेटिकटचा कायदा तेथे चालत नव्हता.

जॉन विन्थ्रॉप १६८१ मध्ये जन्मले, १७०० मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जोसेफ डडली यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. आपल्या कुळाचा मान वसाहतीने राखावा तसा राखला नाही, ही सल त्यांच्या मनात कायम होती. बहीण ॲन हिचा विवाह १७०९ मध्ये बॉस्टनचे व्यापारी टॉमस लेचमीअर यांच्याशी झाला होता. लेचमीअर पुढे जकात खात्यात वरिष्ठ अधिकारी झाले. त्यांचे इंग्लंडमधील भाऊ निकोलस लेचमीअर राजाचे ॲटर्नी जनरल होते आणि नंतर लॉर्ड झाले. म्हणजे भांडण दोन तोलामोलाच्या घरांमधले होते, आणि दोन्ही बाजूंना लंडनचा रस्ता माहीत होता.

खटल्याचे नाव ‘विन्थ्रॉप विरुद्ध लेचमीअर’ असे पडले, कारण विवाहित स्त्रीला त्या काळच्या इंग्रजी विधीप्रमाणे स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व नव्हते. हक्क ॲनचा, पण दावा लावायचा तो नवऱ्याच्या नावाने किंवा त्याला बरोबर घेऊन. हिस्सा मिळालाच असता तर त्या जमिनीचे उत्पन्न आणि कारभार संसार टिकेपर्यंत टॉमसच्याच हाती राहिला असता. ‘बहिणीचा हिस्सा’ हे शब्द मी या लेखात वापरतो आहे, त्यांचा अर्थ एवढ्या मर्यादेतच घ्यायला हवा.

दोन कायदे, दोन हिशेब

इंग्लंडच्या सामान्य विधीनुसार, म्हणजे रूढीतून आणि न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या ‘कॉमन लॉ’नुसार, मृत्युपत्र न करता माणूस वारला तर त्याची स्थावर मिळकत संपूर्णपणे ज्येष्ठ पुत्राकडे जाई. पुत्र नसेल तरच मुली वारस ठरत, आणि मग सगळ्या मिळून. जंगम मिळकतीचे तसे नव्हते; पार्लमेंटच्या १६७० च्या कायद्याप्रमाणे विधवेचा तिसरा भाग काढून उरलेली जंगम मालमत्ता सर्व अपत्यांत सारखी वाटली जाई. या दुहेरी व्यवस्थेचा एक महत्त्वाचा परिणाम असा होता की मृताच्या मिळकतीवर नेमलेल्या प्रशासकाचा संबंध फक्त जंगम मालमत्तेशी येई. जमीन त्याच्या हातातून जातच नसे. मालकाचा शेवटचा श्वास सुटला की त्याच क्षणी ती वारसाची होई, कोणत्याही न्यायालयाची परवानगी न लागता.

कनेटिकटमध्ये पद्धत निराळी होती. तेथे १६९९ मध्ये मृत्युपत्राविना राहिलेल्या मिळकतींच्या व्यवस्थेचा कायदा झाला, परंतु त्यातील तत्त्व त्याहून बरेच जुने होते. ज्येष्ठ पुत्राला दोन हिस्से आणि इतर प्रत्येक अपत्याला एक हिस्सा, हा नियम बायबलमधील ‘अनुवाद’ (ड्युटेरोनॉमी) या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायातून प्युरिटनांनी, म्हणजे या वसाहती वसवणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट पंथीयांनी, उचलला होता, आणि मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या संहितेतही तो आहे. विधवेला जमिनीचा तिसरा भाग हयातीपुरता आणि जंगम मालमत्तेचा तिसरा भाग कायमचा मिळे. लग्नाच्या वेळी किंवा घर थाटताना एखाद्या अपत्याला आधीच काही दिले असेल तर ते त्याच्या हिश्शातून वजा होई. इंग्रजी पद्धतीपासून खरी फारकत होती ती पुढच्या मुद्द्यावर : वाटणीसाठी स्थावर आणि जंगम असा भेद नव्हता. दोन्ही एकाच यादीत लिहायची, दोघांचेही मोल ठरवायचे, कर्ज भागेनासे झाले तर जमीनही विकायची आणि मग उरेल त्याचे हिस्से पाडायचे. हे सगळे काम प्रोबेट न्यायालयाच्या, म्हणजे मृतांच्या मिळकतींची व्यवस्था पाहणाऱ्या न्यायालयाच्या, देखरेखीखाली चाले.

वेट विन्थ्रॉप यांच्या बाबतीत विधवेचा प्रश्न उरला नव्हता असे धरले, तर हिशेब अगदी सोपा होतो. कनेटिकटच्या कायद्याने तीन हिस्से पडतात. दोन जॉनचे, एक ॲनचा. इंग्लंडच्या विधीने जमिनीपुरता एकच हिस्सा, आणि तो जॉनचा.

ही पद्धत वसाहतीत रुजली यामागे धर्मग्रंथाइतकीच जमिनीची आणि मजुरीची परिस्थिती कारणीभूत होती. इंग्लंडमध्ये जमीन दुर्मीळ होती आणि कसणारे हात मुबलक. न्यू इंग्लंडमध्ये नेमके उलट. रान तोडून, बुंधे उपटून, दगड वेचून शेत तयार करायचे तर घरातल्या प्रत्येक मुलाचे वीस वर्षांचे श्रम लागत, आणि या श्रमाचा मोबदला म्हणजे बापाच्या जमिनीतला वाटा, अशी सरळ समजूत होती. थोरल्याने सगळे घ्यायचे ठरले असते तर धाकट्यांनी त्या रानात कुऱ्हाड कशासाठी चालवली असती?

यादीत जमीन लिहायची की नाही

वडिलांच्या मृत्यूनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, फेब्रुवारी १७१८ मध्ये, न्यू लंडनच्या प्रोबेट न्यायालयाने जॉन विन्थ्रॉप यांना प्रशासनपत्र, म्हणजे मृताच्या मिळकतीची व्यवस्था लावण्याचा लेखी अधिकार, दिला. रीतीप्रमाणे त्यांनी जामीनखत लिहून दिले : मृताच्या मिळकतीची खरी आणि पूर्ण यादी न्यायालयात दाखल करीन, हिशेब देईन आणि न्यायालय सांगेल त्याप्रमाणे वाटप करीन. या जामीनखतावर सही करताना जॉन यांनी हरकत घेतल्याचे दिसत नाही. त्यांचा पुढचा सगळा पवित्रा लक्षात घेतला तर ही गोष्ट त्यांच्या विरुद्ध जाते. प्रशासनपत्र घेतानाच त्यांनी कनेटिकटच्या प्रोबेट व्यवस्थेचा अधिकार मान्य केला होता.

पण यादी काही आली नाही. सहा वर्षे गेली. लेचमीअर पतिपत्नी एवढा काळ गप्प का राहिली, याचे स्पष्टीकरण नात्यागोत्यांच्या व्यवहारात शोधावे लागेल. भाऊ आज देईल, उद्या देईल, अशा आशेवर बहिणी किती काळ थांबतात हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. शेवटी १७२४ मध्ये लेचमीअर यांनी न्यायालयात धाव घेतली : प्रशासकाने यादी दिलेली नाही, वाटप केलेले नाही, माझ्या पत्नीचा हिस्सा अडवून ठेवला आहे.

यावर जॉन यांनी जे केले ते कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत हुशारीचे पाऊल म्हणावे लागेल. १७२५ मध्ये त्यांनी यादी दाखल केली खरी, पण तीत फक्त जंगम मालमत्ता लिहिली. स्थावर मिळकत आपल्याला सामान्य विधीनुसार एकुलता एक पुत्र आणि वारस म्हणून प्राप्त झाली आहे, तिचा प्रशासनाशी संबंध नाही आणि म्हणून ती यादीत लिहिण्याचे बंधन आपल्यावर नाही, अशी त्यांची भूमिका होती.

न्यायालयाने ही यादी स्वीकारली असती तर? यादीत नसलेल्या मिळकतीचे वाटप प्रोबेट न्यायालय करू शकत नाही. म्हणजे कनेटिकटचा १६९९ चा कायदा रद्द न करता, त्याच्यावर एक शब्दही न बोलता, तो या मिळकतीपुरता निकामी झाला असता. उलट यादी नाकारली तर नाकारण्याचे कारण लेखी द्यावे लागणार होते, आणि ते कारण एकच असू शकत होते : आमच्या कायद्याप्रमाणे जमीनही वाटपाला येते. हे वाक्य एकदा निकालात उमटले की लंडनपुढे ठेवायला लागणारा मजकूर आयताच हाती येत होता. जॉन यांनी एवढा पुढचा विचार करूनच ही चाल खेळली की केवळ हट्टाने, हे ठरवणे अवघड आहे. परिणाम मात्र दोन्ही बाबतींत सारखाच झाला.

प्रोबेट न्यायालयाने अपुरी म्हणून यादी नाकारली. जॉन वरिष्ठ न्यायालयात गेले. तेथेही तोच निर्णय कायम झाला. मार्च १७२६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने जॉन यांचे प्रशासनपत्र रद्द केले आणि मिळकतीचे प्रशासन टॉमस आणि ॲन लेचमीअर यांच्याकडे सोपवले. राजाकडे अपील करण्याची परवानगी जॉन यांनी मागितली ती नाकारण्यात आली. कनेटिकटची त्या काळातील ठाम समजूत अशी होती की सनदेने वसाहतीला दिलेला न्यायदानाचा अधिकार अंतिम आहे आणि लंडनला अपील जातच नाही.

लेचमीअर यांनी आता स्थावर-जंगम अशी संपूर्ण यादी दाखल केली, आणि मृताचे कर्ज फेडण्यासाठी काही जमीन विकण्याची परवानगी मे १७२६ मध्ये वसाहतीच्या सर्वसाधारण सभेकडे, म्हणजे विधिमंडळाकडे, मागितली. सभेने ती देण्याचे ठरवताच जॉन यांनी लेखी निषेध दाखल केला. सभेला हा अधिकारच नाही आणि आपण राजाकडे दाद मागणार आहोत, असा त्या निषेधाचा रोख होता. सभेने तो स्वतःचा अवमान मानला आणि त्यांच्यावर कारवाई केली. ज्या सभेचे अस्तित्व आजोबांनी आणलेल्या सनदेवर उभे होते, तिने नातवाला गुन्हेगाराप्रमाणे उभे करावे, हा घाव त्यांना चांगलाच लागलेला दिसतो. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडला जाणारे जहाज गाठले.

लंडन

प्रिव्ही कौन्सिलकडे येणारी अपिले प्रथम तिच्या एका समितीपुढे चालत. समितीच्या अहवालावरून राजा हुकूम काढी. (मुंबई इलाख्यातील जमीनजुमल्याचे आणि दत्तकांचे दावे पुढे विसाव्या शतकापर्यंत याच पायरीपर्यंत जात राहिले, त्यामुळे ‘प्रिव्ही कौन्सिलपर्यंत भांडणे’ ही आपल्याकडच्या घरांनाही परकी नसलेली गोष्ट आहे.) जॉन यांनी वकील निवडताना काटकसर केली नाही. ॲटर्नी जनरल सर फिलिप यॉर्क आणि सॉलिसिटर जनरल चार्ल्स टॅलबट हे दोघेही त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे हे दोघेही इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेतील सर्वोच्च अधिकारी, झाले. राजाचे कायदेशीर सल्लागार खासगी पक्षकाराची बाजू मांडू शकत, त्यात तेव्हा काही वावगे मानले जात नसे.

लेचमीअर यांची बाजू त्या मानाने दुबळी राहिली. ज्यांच्या वजनाचा उपयोग झाला असता ते लॉर्ड लेचमीअर जून १७२७ मध्ये, सुनावणीच्या आधीच, निवर्तले होते. शिवाय खटला भाऊ आणि मेहुणा यांच्यातला होता. ज्या सुनावणीत वसाहतीच्या कायद्याचे भवितव्य ठरायचे होते तिच्यात वसाहत स्वतः पक्षकार नव्हती. ज्याला एक तृतीयांश जमिनीत रस आहे अशा व्यापाऱ्याने साठ-सत्तर वर्षांच्या सार्वजनिक वहिवाटीचा बचाव करायचा, अशी ही विचित्र मांडणी होती.

जॉन यांच्या वकिलांचा युक्तिवाद १६६२ च्या सनदेतील एका अटीवर उभा होता. सनदेने वसाहतीला कायदे करण्याचा अधिकार दिला होता, पण ते कायदे इंग्लंडच्या कायद्यांच्या विरुद्ध नसावेत असे तीत म्हटले होते. इंग्लंडचा कायदा सांगतो की जमीन ज्येष्ठ पुत्राची. कनेटिकटचा कायदा सांगतो की ती वाटावी. तेव्हा कनेटिकटचा कायदा विरुद्ध आणि म्हणून आरंभापासून शून्य.

प्रिव्ही कौन्सिलने हे पूर्णतः मान्य केले. १६९९ चा कायदा इंग्लंडच्या विधीशी विसंगत आणि सनदेच्या आधाराबाहेरचा म्हणून रद्दबातल ठरवण्यात आला, लेचमीअर यांना दिलेले प्रशासन आणि त्यांची यादी मोडीत काढण्यात आली, जमीन विकण्याची परवानगी रद्द झाली, आणि प्रशासनपत्र पुन्हा जॉन यांना देऊन त्यांची केवळ जंगम मालमत्तेची यादी स्वीकारावी असा आदेश निघाला. शेवटी यादीचा प्रश्न जॉन यांच्या मनासारखा सुटला.

निकाल तपासला तर त्यातला कमकुवत दुवा ‘विरुद्ध’ या अटीच्या वाचनात आहे. इंग्लंडच्या कायद्याहून जे जे निराळे ते ते विरुद्ध, असे मानले तर वसाहतीला कायदेमंडळ देण्याला काही अर्थच उरत नाही. इंग्लंडमध्ये आहे तेच पुन्हा लिहून काढण्यासाठी सभा भरवण्याची गरज नसते. एखादी गोष्ट निराळी असणे आणि एखाद्या बंधनकारक नियमाला छेद देणारी असणे, यात फरक करायला हवा होता. तो प्रिव्ही कौन्सिलने केला नाही.

वसाहतीच्या बाजूने त्या काळात आणखी एक युक्तिवाद सुचवला जाई, तोही तपासण्यासारखा आहे. न्यू इंग्लंडच्या सनदांमध्ये जमीन केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या राजाच्या जहागिरीच्या धारणपद्धतीने दिलेली आहे, आणि केंटमध्ये जमीन सर्व मुलांत सारखी वाटण्याची जुनी रूढी होती; तेव्हा वाटपाची पद्धत इंग्रजी कायद्यालाच धरून आहे, असे म्हणता येईल. ऐकायला हे आकर्षक वाटते. पण या खटल्यात त्याचा उपयोग शून्य होता, कारण केंटची रूढी मुलग्यांपुरती होती. मुलगा असताना मुलीला तेथेही काही मिळत नसे. वेट विन्थ्रॉप यांना मुलगा एकच. म्हणजे केंटच्या हिशेबानेही सगळी जमीन जॉनचीच झाली असती. धाकट्या भावाचा दावा त्या युक्तिवादावर तगला असता, ॲनचा नाही.

निकालानंतरची वसाहत

बातमी पोचल्यावर कनेटिकटमध्ये घबराट उडाली ती विन्थ्रॉपांच्या जमिनीबद्दल नव्हे. गावोगावच्या शेतांचे मालकीहक्क दोन-तीन पिढ्यांच्या अशाच वाटण्यांवर उभे होते. धाकट्या भावाने किंवा बहिणीने हिश्शाला आलेली जमीन विकलेली, घेणाऱ्याने तिच्यावर घर बांधलेले, आणि आता कायदाच मुळापासून नव्हता असे ठरलेले. कोणत्याही थोरल्या भावाने, किंवा त्याच्या मुलाने, उठून सगळ्या शेतांवर दावा सांगावा अशी स्थिती निर्माण झाली.

गव्हर्नर जोसेफ टॅलकट आणि लंडनमधील मुखत्यार यांच्यात यावर दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्यातील एक युक्तिवाद राजकीय चातुर्याचा नमुना आहे. धाकट्या मुलांना जमीन मिळाली नाही तर ती मुले शेती सोडून कापड विणणे, लोखंड घडवणे अशा उद्योगांकडे वळतील आणि त्यांचा माल इंग्लंडच्या कारखानदारांशी स्पर्धा करील, असे वसाहतीने सुचवले. न्यायाची भाषा ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांना बाजाराची भाषा समजेल, असा हा अंदाज होता.

सरळ उपाय होता तो पार्लमेंटकडून किंवा राजाकडून कायद्याला मान्यता मिळवण्याचा. पण त्यातच खरा धोका होता. वसाहतींच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनच्या व्यापार मंडळाचा कल असा होता की जुन्या वाटण्या पक्क्या कराव्यात, पण त्याच वेळी कनेटिकटने नवी खुलासेवार सनद स्वीकारावी, म्हणजेच लंडनचा वसाहतीवरचा ताबा घट्ट व्हावा. स्वतः गव्हर्नर निवडणाऱ्या वसाहतीला हा सौदा परवडणारा नव्हता. म्हणून कनेटिकटने मागणी रेटली नाही आणि माघारही घेतली नाही. कायदा पुस्तकातून काढला नाही, निकाल उघडपणे धुडकावला नाही, आणि वेळ काढला. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

पुढची कलाटणी मॅसॅच्युसेट्समधून आली, आणि तिची सुरुवात एका द्वंद्वयुद्धात आहे. ३ जुलै १७२८ च्या रात्री बॉस्टन कॉमनवर हेन्री फिलिप्स या तरुणाने बेंजामिन वुडब्रिज याला तलवारीने ठार केले. भाऊ गिलम आणि इतरांच्या मदतीने तो फ्रान्सला पळाला आणि पुढच्याच वर्षी ला रोशेल येथे मरण पावला. मृत्युपत्र नव्हते. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याप्रमाणे त्याची मिळकत आई, बहीण आणि इतर निकटच्या नातलगांत वाटली जायची होती. ज्याने त्याला पळून जायला हात दिला होता त्याच गिलमने आता विन्थ्रॉप यांच्या निकालाचा आधार घेऊन थोरला भाऊ म्हणून सगळ्या स्थावर मिळकतीवर हक्क सांगितला. बहीण फेथ हिचे सासरचे नाव सॅव्हेज; त्यावरून हा खटला ‘फिलिप्स विरुद्ध सॅव्हेज’ म्हणून ओळखला जातो.

प्रिव्ही कौन्सिलने १७३८ मध्ये गिलमचे अपील फेटाळले. दोन वसाहतींचे कायदे जवळजवळ एकसारखे असताना निकाल उलटे लागण्याचे कारण कागदोपत्री होते. मॅसॅच्युसेट्सचे कायदे तिच्या १६९१ च्या सनदेप्रमाणे मंजुरीसाठी लंडनला पाठवावे लागत, आणि तिचा १६९२ चा वाटपाचा कायदा राजाने १६९५ मध्ये मान्य केलेला होता. कनेटिकटच्या सनदेत कायदे लंडनला पाठवण्याची अटच नव्हती. वसाहतीला अभिमान वाटावा अशा या मोकळिकीमुळेच तिच्या कायद्यावर राजाच्या मान्यतेचा शिक्का कधी बसला नव्हता.

तरीही वारा फिरला होता. कनेटिकटमधील मिलफर्डच्या सॅम्युअल क्लार्क यांनी अशाच स्वरूपाचा दावा लंडनपर्यंत नेला. ‘क्लार्क विरुद्ध टाउझी’ या खटल्यात १७४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांचे अपील फेटाळले, आणि १७२८ मध्ये ज्या कायद्याला शून्य म्हटले होते त्यानुसार झालेली वाटणी कायम राहिली. विन्थ्रॉप यांच्या बाबतीत दिलेला निकाल औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. त्याचा परिणाम मात्र त्यांच्या एका घरापुरताच उरला.

जॉन विन्थ्रॉप हे ऐकायला हयात होते, पण कनेटिकटमध्ये नव्हते. खटला जिंकूनही ते परतले नाहीत. लंडनमध्ये त्यांनी वसाहतीविरुद्ध तक्रारी चालू ठेवल्या, आजोबांचा खनिजांचा नाद पुढे नेला, १७३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि सहाशेहून अधिक अमेरिकन खनिज नमुने त्यांनी सोसायटीला भेट दिले. मॅसॅच्युसेट्समधील टँटिउस्केस येथील कुटुंबाच्या शिशाच्या काळ्या दगडाच्या, म्हणजे ग्राफाइटच्या, खाणीतून पैसा काढण्याचे बेत त्यांनी तेथूनच आखले. ते फारसे फळले नाहीत. पत्नी न्यू लंडनला मिळकत सांभाळत राहिली. १७४७ मध्ये इंग्लंडमध्येच त्यांचा मृत्यू झाला. ज्या जमिनीसाठी त्यांनी एका वसाहतीचा कायदा उलथवला, तिच्यावर त्यांनी आयुष्याची शेवटची एकवीस वर्षे पाऊल ठेवले नाही.

ज्येष्ठ पुत्राचा दुहेरी हिस्सा स्वातंत्र्यानंतर गेला. मॅसॅच्युसेट्सने तो १७८९ मध्ये आणि कनेटिकटने १७९२ मध्ये काढून टाकला. त्यानंतर मृत्युपत्राविना राहिलेल्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचे वाटे समान झाले. विवाहित मुलीच्या वाट्याचा कारभार पूर्वीप्रमाणे नवऱ्याकडेच राहिला. १८०९ मध्ये कनेटिकटने विवाहित स्त्रीला आपल्या मिळकतीचे मृत्युपत्र करण्याचा अधिकार दिला. आपल्या हिश्शाचे आपल्यामागे काय व्हावे, हे निदान तेवढ्यापुरते तरी ॲनसारखी स्त्री तेव्हापासून स्वतःच्या सहीने ठरवू शकत होती.